बाहुलीची मान

प्रिय धाकटे,

बाहुलीचं पार्सल पोचलं. पत्ता तुझ्या हातचा, त्यामुळे पोस्टमनने तो माझ्याकडूनच वाचून घेतला. एवढी मोठी डॉक्टर झालीस, पण अक्षर काही सुधारलं नाही.

बाहुलीच्या पाठीची शिवण उसवली आहे, वाळू गळते आहे आणि इतक्या वर्षांच्या हाताळणीने पोट काळवंडलंय. नवजात बाळांच्या विभागाची नवी इमारत झाली, तुझ्या निवृत्तीच्या दिवशी तिचं उद्घाटन आहे आणि बाहुली तिथे काचेच्या कपाटात ठेवायची, खाली माझ्या नावाची पितळी पट्टी, असं तू लिहिलंयस. मोठ्या हौसेने लिहिलंयस. शिवून देते, पण कपाटाचं तेवढं पक्कं करू नकोस. आधी माझं ऐक.

काल ती मांडीवर घेऊन बसले आणि तूच आठवत राहिलीस. तू नोकरीला लागलीस तेव्हा बाळंतिणीला एक डॉक्टर बघायचा, बाळाला दुसरा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं की सगळे आधीच हात टेकायचे. तू दोघांना एका टेबलाशी बसवलंस. पोटात असल्यापासून घरी जाईपर्यंत आई आणि बाळ मिळून एकच पेशंट, हे सांगून सांगून तुझा घसा बसला. वरिष्ठ तुला ‘सुईणबाई’ म्हणून चिडवायचे. तू इथे येऊन आदळआपट करायचीस, माझ्याकडचा चहा ढोसायचीस आणि परत भांडायला जायचीस.

सगळ्यांत मोठं भांडण बाळांच्या आयांना विभागात आत घेण्याचं. जंतू येतील म्हणून मोठे डॉक्टर अडून बसले होते. हात धुवायला मी शिकवते, तुम्ही दार उघडा, असं तू त्यांना तोंडावर सांगितलंस. उघडलं दार. उघड्या छातीशी एवढंसं बाळ धरून बसलेल्या बाईचा फोटो तू मला दाखवायला आणलास, तेव्हा मी दूध उतू चाललंय म्हणून आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच.

बाहुली त्यानंतरची. नवे डॉक्टर इतकं लहान बाळ उचलायला घाबरतात, त्यांचा हात बसायला काहीतरी शिवून दे, म्हणालीस. दुकानातल्या बाहुल्या सगळ्या ताठ. मी जुन्या चादरीचं कापड घेतलं, धुतलेली वाळू भरली, डोकं जड केलं आणि मान मुद्दाम सैल ठेवली. तू ती उचललीस आणि तुझा हात लगेच मानेखाली गेला. कसं गं जमलं ताई, असं विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, अंदाजाने. तो किस्सा तू प्रत्येक भाषणात सांगतेस. लोक हसतात, मीही हसते.

अंदाज नव्हता गं तो. माझी मुलगी झाली तेव्हा तू परीक्षेसाठी हॉस्टेलवर होतीस. अपुऱ्या दिवसांची होती, वाचली नाही, एवढंच तुला घरून कळलं. मीही पुढे कधी विषय काढला नाही. ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर. आईने हात लावायचा नाही असा नियम होता. आता इलाज उरला नाही हे कळल्यावर एका नर्सने नियम गुंडाळून ठेवला आणि तिला माझ्या हातात दिलं. श्वास चालू होता. अंग कोमट होतं. डोकं मागे जायचं, मी हात खाली सरकवायची, ते परत जायचं. तेवढ्या वेळात मला तिची मान धरता यायला लागली होती. बाहुली शिवताना हात आपसूक तिथेच गेले.

तू दार उघडलंस ते ओळखीपाळखी नसलेल्या बायकांसाठी, हे मला ठाऊक आहे. तरी मनातल्या मनात ते मी माझ्यासाठीच धरून चालते. मला तुझा फार अभिमान वाटतो. कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

तर पट्टीबिट्टी काही नको. बाहुली जाड दोऱ्याने दुहेरी शिवून पाठवते, अजून पुष्कळ हात सोसेल. तिला नव्या पोरापोरींच्या हातात दे, आणि मानेखाली हात धरायला सांग. माझं एक लेकरू काचेत राहिलं, तेवढं पुरे.

तुझीच,
ताई