अळवाखालची माती

हेब्बाळ, बंगळूर, ४ जुलै २०२५

ती. स्व. प्रमोदिनी आत्यास शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र! लग्न पुढच्या मे महिन्यात आणि केळवण आत्तापासून? तुझ्या उत्साहाला दंडवत. येते, पण अळूवडी नको. वॉशिंग मशीनचं पाणी तू अळवाला घालतेस ना? मातीतले काही जंतू त्यातला साबण खातात, पण अर्धवट. मागे उरतं ते साबणापेक्षा वाईट, माशांच्या हार्मोन्सचा पार विचका करणारं.

मला नेमके तेच जंतू हवेत! सर म्हणालेत, सप्टेंबरअखेर दाखव, नाहीतर थिसिस वर्षभर पुढे. म्हणजे लग्नही वर्षभर पुढे! तुझा होणारा भाचजावई शार्दूल तर देव पाण्यात घालून बसलाय. अळवाखालची डबाभर माती पाठव ना गं.

लोभ अळवासारखा फोफावू दे.
तुझी केतकी


जे. पी. नगर, ११ जुलै

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

माझ्या अळवाला नावं ठेवतेस? तुझे काका त्याचं फदफदं ओरपून ठणठणीत आहेत! तरी धसका घेतलाच मी. अळू उपटलं, वाफ्यातली माती कचऱ्याच्या गाडीत घातली, नवी भरली.

तुझा डबा तेवढा आधी काढून ठेवला होता. जंतू हवेत तर घे बाई, पण जिवंत कशाला अंगावर? कढईत रव्यासारखे खमंग भाजून पाठवलेत. निर्धास्त वापर.

माया आहे तशीच असू दे.
तुझी आत्या


हेब्बाळ, १६ जुलै

आत्या, अगं काय केलंस हे!

एकही जिवंत नाही! मी डोकं धरून हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. नव्या मातीत ते जमायला साबणाचं पाणी सतत मिळावं लागतं. आता कुठून आणू? मला लग्न करायचंय गं!

रागावले नाहीये. थोडीशीच.
केतकी


जे. पी. नगर, २७ सप्टेंबर

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून त्याच पावडरीने धुते आहे. आधी घरातलं, मग काकांच्या अंगावरचं, मग शेजारच्या जमनाबाईंच्या गोधड्या, मग कल्लाप्पा अण्णांच्या हॉटेलचे पडदे. अण्णा हात जोडून म्हणाले, अक्का, स्वल्प थांबा, पडदे विरले! पाणी सगळं वाफ्यात.

उद्या माती घेऊन स्वतः येते. ओली, कच्ची, कढई न दाखवलेली. जंतू निघाले तर मुहूर्त धर. नाही निघाले तर डोळे पूस. बंगळुरात मळके कपडे अजून पुष्कळ आहेत.

तुझी आत्या