अब्बा तीनशे सोळा विसरले

पुसद, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज आमच्या स्टीलच्या टाक्यांच्या दुकानात झालं ते डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं. लोणच्याचा कारखाना चालवणाऱ्या सुनंदाताई खारात लिंबं मुरवायच्या टाकीसाठी आल्या होत्या. अब्बा लगेच म्हणाले, "दोनशे दोन नंबरच्या स्टीलचा पत्रा लावू. स्वस्त पडते."

मी दचकलीच. मिठाच्या पाण्यानं त्या स्टीलला बारीक भोकं पडतात, तिथं तीनशे सोळा नंबरचंच लागते. हे मले शिकवलं कोणी? अब्बांनीच ना!

"अब्बा, खारासाठी तीनशे सोळा ना?" मी हळूच म्हटलं.

"ते काय असते?"

मले मस्करी वाटली. पण ते खरंच विचारून राह्यले होते. तीनशे सोळा! आयुष्यभर टाक्या जोडणाऱ्या माणसाले आठवू नये?

सुनंदाताईंनी नजर खाली केली. अब्बांनी पत्र्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "ताई, आता हिलेच विचारत जा. माझ्या ध्यानात नाही राहत काही."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून? आम्हाले काहून नाही सांगितलं? हल्ली ते दुकानात बोलतच नव्हते, आन् मी समजत होती की माझ्यावर रागावले आहेत.