महिला सभेत सांगितलेली गोष्ट

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. इतके दिवस जे काही व्हायचं ते प्रार्थनेत सांगून टाकत होते. आज प्रार्थनेला बसवत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

रविवारी चर्चच्या महिला सभेत पाळकांनी मला नम्रतेवर बोलायला सांगितलं होतं. मी तुझीच गोष्ट सांगितली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तू सिस्टर होतीस, मी सातवीत. शाळा सुटली की तुझी ड्यूटी संपेपर्यंत वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसायची. त्या दुपारी एक लहान मुलगी दगावली. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, समोर तू होतीस, म्हणून तिच्या बापाने तुलाच ढकललं. तुझं कपाळ लोखंडी खाटेवर आपटलं, रक्त भुवईपर्यंत ओघळलं. मोठे डॉक्टर धावत आले. "सिस्टर, तक्रार लिहा, मी पोलिसांना बोलावतो." तू नाही म्हणालीस. कपाळाला पट्टी लावून घेतलीस आणि कोमट पाणी मागवलंस. त्या पोरीचं अंग पुसतेस, केस विंचरतेस, फ्रॉक नीट करतेस, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या त्या बापाला हाक मारतेस, "या दादा, घ्या लेकीले." तो खालीच बसला, तुझ्या पायाशी.

घरी येताना मी रस्ताभर फुगले होते. "तू त्याले काही काहून नाही म्हटलं?"

"मले राग नाही आला असं समजू नोको वं. लय आला. माहे हात थरथरून राहिले होते, म्हणून तर पाण्यात घातले."

तेव्हा मला वाटलं, तू घाबरलीस. तो घाबरटपणा नव्हता, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. सभेत हे सांगितलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. एक जण म्हणालीसुद्धा, "अगदी आईवर गेली तू."

मग मी घरी आले. बाबांना आता कुणीच आठवत नाही. तीन वर्षं झाली, सक्करदऱ्याला माझ्याकडेच आहेत. अंघोळीला नेलं की ओरडतात, कधी चावतात. त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई महिनाभरही टिकत नाही. त्या रविवारी दुपारी मी भरवत होते, तर त्यांनी वरणभाताचा घास माझ्या तोंडावर थुंकला. मी त्यांच्या थोबाडीत मारली. आई, मी बाबांना मारलं. ते रागावले नाहीत. हात जोडून म्हणाले, "चुकलं माह्यं, मॅडम." मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा घास भरवला. दुसरं काय करायचं ते मला कळलंच नाही.

सोमवारी शेजारच्या काकू आल्या. बाबांच्या गालावर माझ्या अंगठीचा ओरखडा होता. "हे काय झालं जी?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाथरूममध्ये पडले." बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "हो वं बाई, पडलो मी."

त्यांना खरंच तसं वाटलं, की त्यांनी मला पाठीशी घातलं, कोण जाणे. विचारून उपयोग नाही. पण ते तसं म्हणाले तेव्हा, आई, मला आधी लाज वाटली नाही. हायसं वाटलं.