पासष्ट इंच

३ नोव्हेंबर, मंगळवार

पासष्ट इंच! हॉल आमचा बारा बाय दहाचा. भिंतीवर टीव्ही लागला नाही, टीव्हीला भिंत लागली.

बसवायला आलेला माणूस टक्कल पडलेला, चिडका. ड्रिल बंद करून म्हणाला, "एवढा मोठा बघायला मागे सरकायला हवं ताई." मी म्हटलं, मागे सरकले तर स्वयंपाकघरात जाईन. यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला विचारलंसुद्धा नाही. नऊ वर्षं एकच बूट वापरणारा माणूस. पंख्याचं रेग्युलेटर बिघडलं तर स्वतः उघडून बसणारा. आणि अचानक फोर के, स्मार्ट, आवाजावर चालणारा! का?

जाता जाता टकल्याने विचारलं, "साहेब, कॅमेऱ्याची क्लिप वर लावू की खाली?"

हे खोकले. "लावा कुठेही."

टीव्हीला कॅमेरा कशाला? म्हणे "त्यात येतोच." बाहेर जाऊन खोक्यावर वाचलं. येत नाही. वेगळा घ्यावा लागतो.

४ नोव्हेंबर, बुधवार

चित्र मात्र... खोटं कशाला बोलू. बातम्या देणाऱ्या बाईच्या कॉलरचा टाका सुटलेला दिसला मला. डावीकडे, टोकापासून दुसरा. तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला आहे मी. दिव्याखाली कॉलर, कफ, काज, बटण – चूक दिसली की लाल स्टिकर, माल बाजूला. आमच्या टेबलावर ती बाई नापास झाली असती.

शेजारीण बघायला आली. "बाई गं, जंगलातल्या वाघाच्या मिशा मोजून घ्याव्यात!" मग जुना पिक्चर लावला. हिरो-हिरॉईन इतके गुळगुळीत हलायला लागले की वाटलं शेजारणीच्याच ओट्यापाशी शूटिंग झालंय. यांनी सेटिंगमध्ये जाऊन ते काढलं. झरझर काढलं. दोन दिवसांत एवढं कुठे शिकले?

५ नोव्हेंबर, गुरुवार

टीव्हीला म्हटलं, आवाज कमी कर. केला. या घरात एका सांगण्यात ऐकणारं पहिलंच कोणी. म्हणूनच भीती वाटते.

७ नोव्हेंबर, शनिवार

हे नेहमीप्रमाणे दहाला बाहेर. शनिवारी म्हणे मोठ्या इमारतींच्या लिफ्टची तपासणी असते. चार वर्षं झाली या शनिवारांना. लिफ्ट मेकॅनिकची बायको असून मला कधी शंका आली नाही. लिफ्ट बिघडते, माणूस जातो.

दुपारी टीव्ही लावला. पहिल्याच पानावर एक ओळ असते – "पुढे पाहत राहा". अर्धवट राहिलेलं तिथे दिसतं. त्यात माझी मालिका होती, यांच्या बातम्या होत्या, आणि एक कार्टून! निळा हत्ती, पाठीवर दप्तर. खाली लाल रेघ, म्हणजे अर्धं पाहिलेलं.

आमच्या घरात पोर नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. "टीव्ही आपणहून दाखवतो गं. जाहिरात असते." बोलताना मोजे काढत होते. एकच मोजा तीनदा काढला.

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी हत्ती भाग चौदावर होता. दिवसभर टीव्ही बंद, आम्ही दोघं घरात. संध्याकाळी लावला – भाग सतरा.

जाहिरात पुढे सरकत नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

डब्याच्या सुट्टीत कटिंगवालीला विचारलं. ती मशीनवर एका वेळी चाळीस थर कापते आणि फोनमधलं सगळं जाणते. नाव न घेता विचारलं, एका बाईच्या टीव्हीवर असं असं होतंय.

"सोपंय. खातं एकच, वापर दोन ठिकाणी. नवऱ्याने दुसऱ्या घरी पण तेच खातं टाकलं असणार."

दुसऱ्या घरी!

ती सहज बोलून गेली. माझा घास तसाच राहिला. दुपारभर एकही शर्ट नापास केला नाही. सुपरवायझर बघून गेला दोनदा.

११ नोव्हेंबर, बुधवार

लग्नाला बत्तीस वर्षं. लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकली ते यांना नुसत्या आवाजावरून कळतं. मला शेजारी झोपणारा माणूस कळला नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

यांचे खिसे तपासले. आयुष्यात पहिल्यांदा. चाव्या, टेप, लवंगा, कापडाचा बोळा. मग शर्ट बघितला, गेल्या शनिवारचा, अजून धुतला नव्हता. उजव्या कफच्या आत डाग. जांभळा.

डाग माझा विषय. ग्रीस नाही. शाई नाही, शाई पसरते. नखाने खरवडला तर सोलून आला. मेणाचा खडू!

म्हणजे पोर आहे. आणि ते यांच्या एवढं जवळ बसतं, हाताला हात लावून.

पोराला आई असेल. तीही जवळच बसत असेल.

हे कोणाला सांगू? बहीण लगेच रडायला लागेल. शेजारणीला सांगितलं तर जिन्यात दवंडी. घरात तिसरं कोणी नाही. मुलगी आहे. म्हणजे होती. सात वर्षांपूर्वी स्वतःहून चौदा वर्षांनी मोठा, एक संसार मोडलेला माणूस निवडला तिने. मी म्हटलं, त्याच्याबरोबर गेलीस तर या घराचा उंबरा विसर. ती गेली. तेव्हापासून तिचं नाव या घरात निघालं नाही. हे तेव्हा काही बोलले नव्हते. आता कळतंय, हे कधीच काही बोलत नाहीत. पोटात ठेवतात. किती ठेवलंय देव जाणे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

हे गेले. मी रिमोट घेऊन बसले. पहारेकऱ्यासारखी.

अकराला हत्ती सुरू. लाल रेघ पुढे सरकत होती, मी दर वेळी पहिल्या पानावर मागे जाऊन परत बघायचे. पावणेबाराला थांबली. मग ओळीत नवीन काहीतरी उगवलं. पुलांवरची फिल्म! पोलादी पूल कसे बांधतात, दोर कसे ताणतात. जगात एकच माणूस असला कार्यक्रम दोनदा बघतो आणि त्याच्याच नावाचं कुंकू मी – जाऊ दे.

म्हणजे हे तिथे आहेत. पोर झोपलं किंवा जेवायला बसलं, आणि हे निवांत पाय पसरून पूल बघतायत. वीस मिनिटं बघितला पूल. मी इथे बसून त्या वीस मिनिटांतलं एकेक मिनिट बघितलं.

चारला आले. मी विचारलं, "कुठली लिफ्ट होती?"

"हॉस्पिटलची. दोर बदलला."

"झिजला होता?"

"खूप."

इतकं सरळ बघत खोटं बोलले की मीच मान खाली घातली.

१५ नोव्हेंबर, रविवार

त्या कॅमेऱ्याचा डोळा माझ्यावरच असतो असं वाटतं. कोण बघतंय तिकडून? ती? माझी साडी, माझी बसायची पद्धत, माझे पिकलेले केस, सगळं फोर केमध्ये? रिजेक्ट शर्टाचा तुकडा आणला होता, त्याची टोपी शिवून कॅमेऱ्यावर चढवली.

यांनी बघितलं. "हे काय?"

"धूळ बसते."

चेहरा उतरला त्यांचा. आजारी माणसाला औषध नाकारलं की उतरतो तसा.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना धीर केला. "तुम्हाला माझ्याशी काही बोलायचंय का?"

चमचा खाली ठेवला त्यांनी. वाटी बाजूला सारली. "बोलायचंय. पण तू ऐकून घेशील असं वाटत नाही."

मी उठले. पाणी पिऊन येते म्हटलं आणि नळ सोडून उभी राहिले. ऐकायचं नव्हतं मला. संशय बरा, त्याला अजून दोन्ही बाजू असतात.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

बहिणीला फोन केला. चार दिवस येऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "ये की. पण झालं काय?" म्हटलं, टीव्ही फार मोठा आहे, डोळे दुखतात.

बॅग भरली. पाच साड्या, औषधं. रविवारी निघेन. शनिवार एकदा शेवटचा बघायचाय.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

कारखान्यात ट्रान्सफॉर्मर उडाला, अकरालाच सोडलं. घरी आले, चहा ठेवला, टीव्ही लावला. आणि टीव्ही वाजायला लागला! फोनसारखा. अख्ख्या पडद्यावर अक्षरं – "छोट्या मॅडम कॉल करत आहेत."

मॅडम! अंगाची लाही लाही झाली. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, भर दुपारी! म्हटलं ये बाई, आज समोरासमोर होऊन जाऊ दे. हिरवं बटण दाबलं.

पडदाभर एक तोंड. उघडं. आत जीभ, आणि पुढचा एक दात गायब.

"आजोबा! बघा! पडला!"

मी उभी. रिमोट हातात तसाच.

"आजोबा, तुमच्याकडे अंधार का आहे? तुम्ही दिसतच नाही!"

टोपी. मी काढली. माझे हात मला दुसऱ्याचे वाटत होते.

पोरगी मागे सरकली. आता अख्खा चेहरा दिसला. पाच-साडेपाच वर्षांची. भुवई डावीकडे जराशी तुटलेली, माझी आहे तशी. पापणीचा एकेक केस मोजता येत होता. गालावर जांभळा खडू.

"तू आजोबा नाहीस," ती म्हणाली. मग विचार केला तिने. "तू आजी आहेस. पाय बरे झाले?"

"कुठले पाय?"

"तुझे! तुला जिना चढता येत नाही ना. म्हणून तू येत नाहीस. आजोबांनी सांगितलंय." आवाज खाली आणला. "ते म्हणाले होते टीव्हीवर फोन करायचा नाही, ते सांगतील तेव्हाच. पण दात पडला ना!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दात पडल्यावर सांगायलाच हवं."

मागून आवाज आला. "माझा फोन घेऊन कोणाशी बोलतेयस गं?"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

ती आली. हात ओले, पदराला पुसत. मला बघितलं आणि पुसणं थांबलं. सात वर्षं मी तिला मनात बघायचे ती चोवीसची असायची. ही एकतीसची. भांगापाशी चार पांढरे केस. डोळ्यांखाली काळं. इतकं स्पष्ट कोणी दाखवायला नको होतं मला. लपायला एक ठिपकासुद्धा अंधुक नाही.

मला वाटलं कट करेल. करायलाही हवा होता.

ती पडद्याजवळ आली. मग म्हणाली, "आई, तुझ्या कानामागे दोरा चिकटलाय. पांढरा."

हात लावला. होता.

पोरगीच बोलत राहिली, दात कुठे ठेवलाय ते, हत्ती शाळेत हरवला ते. मी मान हलवत राहिले. चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा वासाने भानावर आले.

संध्याकाळी हे आले. कॅमेऱ्याची टोपी काढलेली बघितली. बूट न काढता तसेच खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "एवढा मोठा कशाला घेतलात?"

"फोनवर ती एवढीशी दिसते," बोटांनी दाखवलं त्यांनी. "वाटलं, तू एकदा तिला मोठी बघितलीस तर... रोज ठरवायचो, आज लावतो फोन. हिंमत होईना."

"माझी एवढी भीती वाटते?"

उत्तर दिलं नाही. बत्तीस वर्षांत यांचं न बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं मला. मी ज्याला लबाडी म्हणत होते ती भीती होती. आणि भीती माझी होती.

बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या. बहिणीला कळवलं, डोळे बरे आहेत.

२१ नोव्हेंबर, शनिवार

हे बुटाची नाडी बांधत होते. मी चपला घालून आधीच दारात.

"अगं, तिथे लिफ्ट नाही. चार जिने आहेत."

म्हटलं, चढेन.