परत येणारं बीट

बाबा,

नमस्कार. "न पेरलेल्या भाजीचे आगाऊ पैसे तुला कोण देणार? शिकून सवरून चिखलात पाय घालतेस!" एवढं म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. तर लोक देतात, बाबा. वर्षाचे सभासद होतात आणि दर शनिवारी शेडमधून आपली टोपली नेतात. शेतात निघेल ते गोड मानून नेतात. कुरकुरतात, पण नेतात.

दाराशी अदलाबदलीची पेटी आहे. नको ती भाजी तिच्यात ठेवायची, हवी ती उचलायची. तुमच्या गल्लीतला न्हावी यंदा सभासद झाला. दर खेपेला तो मागच्या टोपलीतलं बीट पेटीत ठेवायचा आणि बदली काहीच उचलायचा नाही. मला नवल वाटायचं.

मग एकदा परत आलेल्या जुडीची दोरी पाहिली. एका ओढीत सुटणारी गाठ! पार्सल ऑफिसात तुम्ही जन्मभर मारलीत, माझ्या बुटांच्या नाड्यांना शिकवलीत, तीच. आणि बीट मातकट लागतं म्हणून ताटाबाहेर काढणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे.

न्हाव्याला मी काही विचारलं नाही. खोटं बोलताना बिचाऱ्याचे कान लाल होतात. गेल्या शनिवारी फक्त त्याच्या टोपलीतली जुडी मी त्याच गाठीने बांधली.

आज त्याने पेटीत काहीच ठेवलं नाही. रिकामी टोपली पुढे करून म्हणाला, "बीट संपलं. अजून असेल तर आण, म्हणाले."

कोण म्हणाले, ते मी विचारलं नाही. हे पत्रही पाठवत नाही. जुडी बांधायची आहे.

तुमची,
अजून चिखलातच