भावी वकील आणि तिचे प्रेरणास्थान

आबा, तुमचा फोटो करमाडच्या चौकात लागलाय. जालना रोडनं जाणारा-येणारा प्रत्येक जण तो बघतो, कारण न बघता पुढं जाताच येत नाही, एवढं मोठं फ्लेक्स आहे. वरच्या ओळीत पुढारी, खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं, एका बाजूला हात जोडलेले काका आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुमच्या डोक्यावर गुलाबी फेटा आहे. जन्मभर तुम्ही पांढऱ्या टोपीशिवाय काही घातलं नाही, पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात फेटे तयारच असतात, त्यातला एक त्यानं तुम्हाला चढवला. खाली लिहिलंय, ‘प्रेरणास्थान’. मधोमध मी. माझं डोकं कुठल्या तरी वकिलाच्या धडावर बसवलंय. काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, आणि बाहीतून बाहेर आलेले हात चक्क पुरुषाचे, मनगटावर केस असलेले. माझ्या नावाआधी ‘अ‍ॅड.’ असं ठळक छापलंय. मी वकील झालेली नाही आबा. लॉ कॉलेजची पायरीही चढलेली नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मला हे सुचलं. शहरातल्या एका दवाखान्यात मी काउंटरवर बसते, रोज करमाडहून बसनं ये-जा करते. तिथं बसून लोकांना ‘इथं सही करा, तिथं सही करा’ म्हणता म्हणता एक दिवस वाटलं, आपल्याला जे करायचं होतं ते हे नव्हतं. लॉच्या प्रवेशाची परीक्षा दिली आणि मार्क चांगले पडले. ही बातमी काकांच्या कानावर गेली, आणि दोनच दिवसांत फ्लेक्स उभं. त्यांना पंचायत समितीला उभं राहायचंय, घरात एक वकील असलेली बरी दिसते. मग कागदपत्रं तपासायची वेळ आली, तेव्हा कळलं की पदवीला पंचेचाळीस टक्के लागतात. माझे एक्केचाळीस. फॉर्म भरून देणारा कॅफेवाला म्हणाला होता, “पदवी हाय ना ताई? मग झालं.” मीही नियम वाचला नव्हता. निघाली वकील व्हायला!

एक्केचाळीस म्हटलं की मला तुमचे पेढे आठवतात. बीएचा निकाल लागलाय आणि तुम्ही मला घेऊन, कोर्टात आपला विहिरीचा दावा लढणाऱ्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात आलाय. ते टेबलावरून मान वर करत नाहीत. तुम्ही पेढ्याचा पुडा पुढं धरून उभे, टोपी काखेत. “किती टक्के?” ते विचारतात. मी खाली बघते. तुम्ही म्हणता, “पास हाय साहेब.” ते पुन्हा विचारतात, “अहो पण किती?” तुम्ही जरा मोठ्यानं सांगता, “पास हाय म्हनलं ना साहेब. पास.” तुमच्या हिशेबात माणूस एक तर पास असतो नाही तर नापास, मधलं काही नसतं. साहेब हसले, पेढा न खाता त्यांनी फायलीशेजारी ठेवला. त्या हसण्याची किळस मला अजून येते.

पण काकांची जी किळस येते, तिच्यापुढं ही काहीच नाही. तुम्हा दोघा भावांच्या सामाईक विहिरीवर एकट्याचा हक्क सांगून तुम्हाला कोर्टात ओढणारा हा माणूस. तुम्हाला पिंजऱ्यात प्रश्न विचारला आणि तुम्ही गोंधळलात, तेव्हा मागून हाच मोठ्यानं म्हणाला होता, “तेला काय इचारता, तेला काय कळतंय!” सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर हाही हसला. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलंत, “काय ठरलं?” मी सांगितलं, “पुढची तारीख.” प्रत्येक वेळी तेच. गेटबाहेरच्या भज्यांच्या गाड्यावर मी काकांना शिव्या द्यायला लागले, तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, “भांडन आत हाय. हितं तो भाऊ हाय माझा.” आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या त्याला एक प्लेट भजी पाठवलीत. त्यानं ती खाल्ली. वर मिरची मागून घेतली. मला तेव्हा तुमचाही राग आला होता, खरं सांगते. पुढं तुम्ही गेलात, तारखेला जायला कुणी उरलं नाही, आणि विहीर काकांची झाली. आता तुम्ही त्यांचं प्रेरणास्थान.

गेल्या आठवड्यात त्यांनी घरी बोलावलं. स्वयंपाकघरातच बसवलं, म्हणजे घरचीच. काकू चहा ओतत होत्या.

“इद्यापीठात आपला मानूस हाय,” काका म्हणाले. “एक्केचाळीसचे पंचेचाळीस करायला लई काय लागत नाय. तू फकत व्हय म्हन.”

“आणि कुणी पकडलं तर?”

“कोन पकडतंय? आन इचारलंच कुनी तर सांगायचं, बापाच्या कोर्टापायी पोरीचे मार्क गेले. खोटं हाय का?”

हे तोंड वर करून तेच बोलत होते, ज्यांनी दावा टाकला! मला शिसारी आली. त्यातून पुढं डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “दादा मला भजे पाठवायचा गं. कोर्टात असूनबी. असा भाऊ नाय व्हायचा.” पाणी खरं होतं की काय, मला कळलं नाही. खरं असेल तर जास्तच किळस वाटते. तुमची ती एक प्लेट यांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवली आणि मतं मागायला काढली.

मी नाही म्हणाले. मार्क अभ्यास न केल्यानं गेले, कोर्टानं नाही, तेही सांगितलं. मी पुन्हा पहिल्यापासून बीए करते म्हटल्यावर काकू हसल्या, पदर तोंडाला लावून. काका म्हणाले, “म्हातारी व्हशील.” मी म्हटलं, ती तशीही होणार आहे. मग म्हणाले, “बरं, पन फ्लेक्स काढू नको. इलेक्शन होऊ दे.” मी तिथून उठले. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. या वेळी नियम सगळे वाचले, दोनदा.

फ्लेक्स अजून तसंच आहे. वाऱ्यानं एक कोपरा सुटलाय, दोरी बांधायला कुणी येत नाही. रात्री जाऊन फाडून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. तुमचं तोंड त्या लोकांच्या रांगेत बघवत नाही, तो गुलाबी फेटा बघवत नाही, ते माझे केसाळ हात बघवत नाहीत. हे सगळं तुम्हाला सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले, धाडायला पत्ता नाही हे ठाऊक असून.

एकच सांगायचं राहिलं. सकाळी बसमध्ये दोन्हीकडं जागा असते, आबा. मी चौकाच्या बाजूची खिडकी धरते.