नानांबद्दल सरांना काय सांगायचं

१२ सप्टें., शुक्र.
धुळ्यात बास्केटबॉलची मॅच पुन्हा हरलो. ३१–५४. घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी गेले नाही. आईने स्कोअर विचारला असता.
बसमध्ये मुली मागे, मी मध्ये, आमचे कोच नाना पुढे, चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन. मी मागे गेले की बोलणं थांबतं. पारोळ्याला चहा. नाना म्हणाले, "जेवनी का तू?" जळगावच्या कॉलेजात माझ्याशी अहिराणीत बोलणारे एकटे तेच.

१३ सप्टें.
मुलींची मीटिंग. मला शेवटी बोलावलं. सगळ्यांचं ठरलेलं : कोच बदला. भुसावळचा एक तरुण कोच यायला तयार आहे. क्रीडा संचालक सर म्हणाले आहेत, कॅप्टन, म्हणजे मी, स्वतः येऊन सांगेल तरच. सोमवारी.
मी म्हटलं, नाना चांगले आहेत.
रुक्सार : "चांगले आहेतच. माझे अब्बूपण चांगले आहेत, म्हणून त्यांना कोच करू का?"
सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण उशिरा.
मग ती हळू म्हणाली, "आमचं शेवटचं वर्ष आहे गं."
तिचं म्हणणं चूक नाही.

१३, संध्या.
मॅचचा व्हिडिओ पाहिला, थांबवत थांबवत. आमच्यातली एकही चेंडू जमिनीवर आपटत पुढे जात नाही. हातातून हातात, फक्त पास. समोरच्या मुली नुसत्या मध्ये उभ्या राहतात आणि चेंडू त्यांना मिळतो. सरावात ड्रिबल केलं की नाना शिट्टी वाजवतात, ते पहिल्या वर्षापासून. मी कधी का विचारलं नाही. मेकॅनिकलची मुलगी, आणि विचारलं नाही.
रूममेट गावी. कुणाला दाखवू.

१४ सप्टें., रवि.
नानांना ग्राउंडवर गाठलं. व्हिडिओ दाखवला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला त्यांनी.
नरडाण्याकडच्या गावी त्यांचं मैदान मुरमाचं. "चेंडू दगडवर पडना का बाजूले पळे. जमीनवर भरोसा ठेवाना नही, हाईच शिकनू मी." तेच आम्हाला शिकवलं, गुळगुळीत कोर्टवर.
मग : "इतला दिन काबरं नही सांगं?"
मी फोन खिशात ठेवला.
"उद्यापासून तूच शिकाड पोरीसले. माले येस कोठे?"
हे मला अपेक्षित नव्हतं. नियम चुकला असता तर बदलता आला असता. त्यांना ड्रिबल येतच नाही.

१५ सप्टें., सोम., सकाळ
सरावाला लवकर गेले. नाना आधीच आलेले. एकटेच चेंडू आपटत होते, कमरेत वाकून, सगळं लक्ष चेंडूवर. तो बुटावर आपटून लांब गेला. मी झाडामागे थांबले. रुक्सार माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, कळलं नाही.
"हे मला दाखवायला थांबलीस?"
"नाही."
"मग मी पाहिलं नाही असं समज." बुटाची नाडी बांधत : "माझं मत तेच आहे."
माझं काय आहे, ते तिने विचारलं नाही.

१५, दुपारनंतर
सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते. नाना चाव्या द्यायला आले. "आठे काय करस?"
"काम शे."
हजेरीची भानगड असेल असं वाटलं त्यांना. शेजारी बसले. "मी येऊ का संगे? सर मन्हं ऐकतस."
नको म्हटलं.
आत सर : "बोल. बदलायचा का?" मी व्हिडिओबद्दल सांगितलं, मुरमाबद्दल सांगितलं, सकाळचं नाही सांगितलं. सर म्हणाले, "ते सगळं ठीक. हो की नाही?" शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. ते नाराज.
बाहेर नाना उभेच. "रागावनात का सर?"
"नही."
"मंग असं तोंड काबरं?"
संध्याकाळच्या सरावाला रुक्सारने लांबूनच भुवया उडवल्या. नंतर बोलू, अशी खूण केली मी. पण सराव संपल्यावर नाना होस्टेलच्या गेटपर्यंत माझ्यासोबत चालत आले. रुक्सार मागे होती, मग नव्हती.